रणदिवेसाहेब, जागा विकत घेऊ नका

डिसेंबर २०२५

श्री. विवेक रणदिवे,
सॅक्रामेंटो किंग्ज



मुंबईत जन्मलेला माणूस अमेरिकेतल्या बास्केटबॉल संघाचा मालक झाला, की त्या संघाच्या हिशेबवहीत डोकावण्याचा थोडा हक्क मराठी वाचकालाही पोहोचतो, असे धरून हे पत्र लिहितो आहे. २०१३ मध्ये आपण पुढे झाला नसता तर किंग्जचे बिऱ्हाड सिअॅटलला हलले असते, हे कुणी नाकारत नाही. एनबीएचे भारतातले पहिले सामने ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये झाले, तेही किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यातच, आणि त्यामागे आपला आग्रह होता. त्याबद्दल कृतज्ञता आहेच. तक्रार आहे ती उन्हाळ्याची. हंगाम संपल्यावर जून-जुलैत जी करारांची उलाढाल होते, तिच्यात आपला संघ गेली दहा-बारा वर्षे एकच चूक निरनिराळ्या नावांनी करत आला आहे: सॅलरी कॅपमधली जागा घाईने मिळवायची आणि त्याहून घाईने भरून टाकायची. सॅक्रामेंटोसारख्या शहराने ही जागा कधी विकत घेऊ नये, आणि ती आपसूक चालून आली तर बाहेरच्या पाहुण्यासाठी उधळण्याआधी भाड्याने द्यावी किंवा घरच्या माणसासाठी वापरावी, एवढेच माझे म्हणणे. पुरावा आपल्याच वहीत आहे.

आमच्याकडच्या वाचकांसाठी आधी थोडे नियम सांगतो. आपल्याला ते पाठ आहेत. आयपीएलची पर्स ही भिंत आहे. २०२५ च्या मोठ्या लिलावात ती १२० कोटींची होती, त्यापुढे एक रुपयाही नाही. एनबीएची कॅप हा नुसता उंबरा आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १५ कोटी ४६ लाख डॉलरवर आहे आणि बहुतेक संघ तो केव्हाच ओलांडून बसले आहेत. आपल्याच खेळाडूला ठेवून घ्यायचे असेल तर ओलांडायला परवानगी असते. बॉस्टनच्या लॅरी बर्डवरून या सवलतीला बर्ड हक्क म्हणतात. करार संपून मोकळ्या झालेल्या बाहेरच्या खेळाडूला, म्हणजे फ्री एजंटला, मोठी रक्कम देऊन आणायचे असेल तर मात्र उंबऱ्याच्या आत तेवढी मोकळी जागा लागते. यात एक मेख आहे. करार संपलेल्या पण हक्क न सोडलेल्या खेळाडूच्या नावावर वहीत एक रक्कम धरली जाते, तिला कॅप होल्ड म्हणतात. एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकलेल्या रुमालासारखा हा प्रकार आहे: माणूस अजून गाडीत चढलेला नाही, पण जागा अडलेली आहे. रुमाल केव्हा टाकायचा, केव्हा उचलायचा आणि आधी कुणाला बसवायचे, यातच उन्हाळ्याचे निम्मे कसब असते. उरलेले निम्मे कसब म्हणजे जागा तशीच मोकळी ठेवण्याची हिंमत, आणि किंग्जला ती क्वचितच झाली आहे.

जुलै २०१५ घ्या. व्लादे दिवाच नुकते कारभार पाहू लागले होते. कॅपमध्ये जागा हवी म्हणून किंग्जने निक स्टॉस्कस, कार्ल लँड्री आणि जेसन थॉम्पसन हे तिघे फिलाडेल्फियाला दिले. यातला स्टॉस्कस वर्षभरापूर्वीच ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीत, आठव्या क्रमांकावर घेतलेला होता. तिघांचे मिळून सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर वहीतून गेले. ते उचलायचे म्हणून फिलाडेल्फियाच्या सॅम हिंकींनी वर काय घेतले? पहिल्या फेरीची एक भावी निवड, आणि २०१६ व २०१७ या दोन्ही वर्षी निवडींची अदलाबदल करण्याचा हक्क. बदल्यात किंग्जला मिळाले युरोपातल्या दोन खेळाडूंचे हक्क. त्यांपैकी कुणीही एनबीएत खेळला नाही. अशा महागात पडलेल्या जागेत कोण आले, तर एका वर्षासाठी जवळपास एक कोटी डॉलरवर रेजॉन रोंडो, तीन वर्षांसाठी मार्को बेलिनेली आणि चार वर्षांसाठी ३ कोटी ३० लाखांवर कोस्टा कूफोस. त्या वेळच्या बातम्यांनुसार वेस्ली मॅथ्यूज आणि मॉन्टा एलिस यांना किंग्जने इतरांहून जास्त पैसे देऊ केले होते. दोघांनी नकार दिला आणि ते डॅलस व इंडियानाला गेले. रोंडोने त्या हंगामात साऱ्या लीगमध्ये सर्वाधिक असिस्ट केले, सामन्याला ११.७. संघ ३३ सामने जिंकला, ४९ हरला, आणि रोंडो शिकागोला निघून गेला.

या सौद्यात मला सर्वांत जास्त खटकते ती त्याची तारीख. ऑक्टोबर २०१४ मध्येच लीगने दूरचित्रवाणीचा २४०० कोटी डॉलरचा नवा करार जाहीर केला होता. तो २०१६ च्या हंगामापासून लागू होणार होता. तो लागू झाला की कॅप उडी मारणार, हे चोखंदळ प्रेक्षकालाही दिसत होते. झालेही तसेच. २०१५-१६ मध्ये ७ कोटी डॉलर असलेली कॅप पुढच्याच उन्हाळ्यात ९ कोटी ४१ लाखांवर गेली. प्रत्येक संघाच्या वहीत काही न करता जवळपास अडीच कोटींची जागा निर्माण झाली. म्हणजे बारा महिन्यांनी जे फुकट मिळणार होते, त्यासाठी किंग्जने ड्राफ्टचे हक्क मोजले. आपण केव्हिन मेनी यांच्यासह ‘द टू-सेकंड अॅडव्हान्टेज’ लिहिलेत. योग्य माहितीचा लहानसा तुकडा जरा आधी हाती आला तर तो नंतर मिळणाऱ्या ढीगभर माहितीपेक्षा मोलाचा, हे त्या पुस्तकाचे सूत्र. टिब्कोसारखी कंपनी आपण त्याच सूत्रावर उभी केलीत. इथे तर माहिती दोन सेकंद नव्हे, नऊ महिने आधी पटलावर होती.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही बिनबुडाचे नाहीत. पहिला असा, की भाव चढणार हे ठाऊक असेल तर आधीच्या भावाने करार करून ठेवणे शहाणपणाचेच. कूफोसच्या बाबतीत ते खरे ठरले. नव्या कॅपमध्ये वर्षाला ऐंशी-पंच्याऐंशी लाखांचा सेंटर स्वस्तच होता. पण मग ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला त्या रोंडोला एकाच वर्षाचा करार कसा? भाव चढायच्या वेळी तो सुटून गेला. दुसरा आक्षेप दैवाचा. ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या २०१७ च्या लॉटरीत किंग्जची निवड तिसऱ्या क्रमांकावर आली, फिलाडेल्फियाने हक्क वापरून ती घेतली आणि आपली पाचवी किंग्जच्या हाती ठेवली. त्या पाचव्या निवडीवर तर डीएरॉन फॉक्स मिळाला, मग बिघडले काय? बिघडले ते असे की तीच तिसरी निवड फिलाडेल्फियाने बॉस्टनला पहिल्या निवडीच्या बदल्यात दिली, आणि बॉस्टनने तिच्यावर जेसन टेटमला घेतले. वर पहिल्या फेरीची जी निवड किंग्जने दिली होती, तीही फिरत फिरत २०१९ मध्ये बॉस्टनलाच पोहोचली. किंग्जने तिसऱ्या क्रमांकावरही फॉक्सलाच घेतले असते, असे समजू. तरी निवडीचा हक्क दुसऱ्याच्या हाती गेला होता आणि नशिबाने हात दिला म्हणून सौदा शहाणपणाचा ठरत नाही. लॉटरी लागलेल्या माणसाने तिकिटासाठी घर गहाण टाकले होते, हे विसरून चालत नाही.

आता मूळ प्रश्न, सॅक्रामेंटोला जागा विकत घेणे का परवडत नाही. १९९९ पासून एनबीएत एका खेळाडूच्या वेतनालाही कमाल मर्यादा आहे. खरा तारा खेळाडू बाजारात आला की त्याला पाच-सहा शहरांतून तीच कमाल रक्कम मिळते. पैसा सगळीकडे सारखा असला की निवड शहरावर, सोबत्यांवर आणि विजयाच्या शक्यतेवर ठरते. लॉस एंजेलिस आणि मायामीशी या तिन्ही बाबतींत बरोबरी करणे सॅक्रामेंटोला अवघड आहे, यात शहराचा अपमान नाही. उरतात ते दुसऱ्या-तिसऱ्या फळीतले खेळाडू, ज्यांना कमाल रक्कम मिळत नाही. त्यांना वळवायचे तर त्यांच्या मोलापेक्षा जास्त द्यावे लागते. म्हणून लहान शहराच्या हाती असलेली एक कोटीची मोकळी जागा फ्री एजंटवर खर्चली की सत्तर-ऐंशी लाखांचा खेळ देते. तीच जागा अडचणीतल्या श्रीमंत संघाला वापरू दिली तर ती पूर्ण एक कोटीची ठरते, कारण समोरच्याला शहर नको असते, नुसती जागा हवी असते.

२०१७ चा उन्हाळा यासाठी बारकाईने पाहण्याजोगा आहे. डीमार्कस कझिन्सला फेब्रुवारीत विकून किंग्जने नव्याने बांधणी सुरू केली होती, आणि जुलैत कॅपमध्ये भरपूर जागा होती. ब्रुकलिन नेट्सकडेही होती. किंग्जने जॉर्ज हिलला तीन वर्षांचे ५ कोटी ७० लाख, छत्तिशीकडे झुकलेल्या झॅक रँडॉल्फला दोन वर्षांचे २ कोटी ४० लाख आणि चाळिशीच्या विन्स कार्टरला एका वर्षाचे ८० लाख दिले. ब्रुकलिनच्या शॉन मार्क्स यांनी टोरंटोला नकोसा झालेला डीमार कॅरलचा दोन वर्षांचा, वर्षाला दीड कोटींच्या आसपासचा करार उचलला, आणि उचलण्याची मजुरी म्हणून पहिल्या व दुसऱ्या फेरीची एकेक निवड घेतली. किंग्ज २७ जिंकले, ब्रुकलिन २८. हिलला तर फेब्रुवारीतच क्लीव्हलँडला पाठवावे लागले. तरुणांना वळण लावायला वडीलधारी माणसे हवीत, असा तेव्हाचा युक्तिवाद होता. हवीतच. पण वळण लावण्याची फी वर्षाला दोन कोटी डॉलर असते का? एकट्या कार्टरने ते काम ऐंशी लाखांत केले असते. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की ब्रुकलिनला मिळालेल्या त्या पहिल्या फेरीच्या निवडीवर जानान मूसा आला आणि त्याचे फार काही झाले नाही. पण कॅरलचा करार २०१९ मध्ये आपोआप संपला, जागा पुन्हा मोकळी झाली, आणि त्या उन्हाळ्यात ब्रुकलिनने केव्हिन ड्युरांट आणि कायरी अर्विंगला आणले. ते न्यूयॉर्क होते म्हणून आले, हे खरे. सॅक्रामेंटोला ते आले नसते. सॅक्रामेंटोला निवडी आणि मोकळी वही उरली असती, आणि पुनर्बांधणीत तेवढे कमी नसते.

गंमत अशी, की जागा मोकळी ठेवल्याचा सर्वांत चांगला दाखलाही किंग्जनेच घालून दिला आहे, आणि तोही चुकून. २०१८ च्या जुलैत आपण शिकागोच्या झॅक लावीनला चार वर्षांच्या ७ कोटी ८० लाखांचा देकार दिला. शिकागोने तो जशास तसा स्वीकारून त्याला ठेवून घेतले. किंग्जची जागा तशीच राहिली, हंगामभर राहिली, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये त्या उरलेल्या जागेच्या आधारे रँडॉल्फ व जस्टिन जॅक्सन यांच्या बदल्यात डॅलसचा हॅरिसन बार्न्स हाती आला. पुढे पाच वर्षे तो संघाचा कणा होता. त्याच वर्षीच्या जुलैत मात्र जुनी खोड परतली. ड्वेन डेडमनला तीन वर्षांचे ४ कोटी, कोरी जोसेफला ३ कोटी ७० लाख, ट्रेव्हर अरीझाला दोन वर्षांचे अडीच कोटी. मुंबईकरांनी वरळीत पाहिला तो किंग्ज याच खरेदीतून नुकता उभा राहिला होता. तिघांपैकी एकही सॅक्रामेंटोत करार पुरा करू शकला नाही. डेडमनला सात महिन्यांत अटलांटाला परत पाठवताना वर दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी द्याव्या लागल्या.

येथे कुणीही विचारील, आणि रास्तपणे, की सोळा हंगाम प्लेऑफ न पाहिलेल्या प्रेक्षकांना अजून थांबा म्हणायचे कोणत्या तोंडाने? २००६ नंतर २०२३ पर्यंत ते थांबले. जिंकलेल्या रात्री आकाशात जांभळा झोत सुटतो, तो पाहायला माणसे गाड्या थांबवत होती. पण त्या २०२३ च्या संघाची पाच माणसे कुठून आली ते पाहा. फॉक्स आणि कीगन मरे ड्राफ्टमधून. डोमंटास सबोनिस ड्राफ्टमधूनच मिळालेल्या टायरीज हॅलिबर्टनला देऊन. केव्हिन ह्युर्टर पहिल्या फेरीची निवड देऊन. बार्न्स, वर सांगितल्याप्रमाणे, न वापरलेल्या जागेतून. जुलैच्या बाजारात जागा खर्चून आणलेला एकही नाही. बेंचवरून येऊन सामने फिरवणारा मलिक मंकसुद्धा मिड-लेव्हल सवलतीतून आला होता. तिला कॅपमधली जागा लागतच नाही. म्हणजे धीर धरा म्हटल्याने प्रेक्षकांवर अन्याय होतो असे म्हणणाऱ्यांनी हेही सांगावे की आजवरच्या अधीरतेने त्यांना काय दिले. माझ्या मते तिने दुष्काळाची दोन-तीन वर्षे तरी वाढवली.

२०२३ च्या उन्हाळ्यात आपण जागेचा उत्तम वापर केलात, तोही नोंदवला पाहिजे. सबोनिसच्या चालू वर्षाचे वेतन मोकळ्या जागेतून वाढवून ३ कोटी ६ लाखांवर नेले आणि त्यालाच जोडून चार वर्षांची मुदतवाढ घेतली. कॅपमध्ये जागा असलेल्या संघालाच ही मुभा असते. लहान शहरासाठी याहून नेमका वापर मला सुचत नाही: ज्याला हे शहर आधीच मानवले आहे त्यालाच बांधून ठेवायचे. त्यासाठी रिशॉन होम्ससोबत चोविसावी निवड डॅलसला द्यावी लागली, आणि माझ्या नियमाला हा अपवाद झाला हे कबूल. तरी इथे जागा कशासाठी हवी आणि नेमकी किती, हे आधी ठरले होते. २०१५ मध्ये आधी जागा केली आणि मग तिच्यात कुणाला बसवायचे ते शोधत फिरलात. २०२५ च्या ऑक्टोबरात कीगन मरेला पाच वर्षांच्या १४ कोटींवर बांधलेत, तेही ठीक झाले. थांबला असता तर त्याचा कॅप होल्ड ३ कोटी ३० लाखांच्या घरात गेला असता, म्हणजे करारातल्या सरासरी २ कोटी ८० लाखांहूनही मोठा. माणसापेक्षा रुमालच रुंद असेल तर टाकून काय उपयोग?

उलट बाजूला फिलाडेल्फियाने २०२४ मध्ये टायरीज मॅक्सीला वर्षभर थांबायला लावले. त्याचा होल्ड १ कोटी ३० लाख, आणि त्याला मिळू शकणारी कमाल रक्कम ३ कोटी ५१ लाख. मधल्या २ कोटी २० लाखांच्या फटीसह जी जागा झाली तिच्यात आधी पॉल जॉर्जला चार वर्षांच्या २१ कोटी २० लाखांवर बसवले, आणि मग बर्ड हक्काने मॅक्सीला उंबऱ्यापलीकडे जाऊन पुरे पैसे दिले. हिशेबनिसाने फ्रेम करून लावावा असा हा उन्हाळा होता. पुढच्या हंगामात चौतीस वर्षांचा जॉर्ज निम्मेच, ४१ सामने खेळला, संघाचा दुसरा तारा एम्बीड १९ खेळला, आणि संघ ५८ हरला. जागा तयार करणे हे हिशेबाचे काम, तिच्यात कुणाला बसवायचे हे पारखीचे. पहिले चोख असले तरी दुसरे आपोआप चोख होत नाही, एवढेच यावरून मी घेतो.

काही जण म्हणतील, हे सगळे जुने झाले. २०२३ च्या करारनाम्यानंतर खेळाडू मुदतवाढच घेतात, बाजारात कुणी येत नाही, मग जागेला किंमत काय? विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने किंमत उतरली, बरोबर. भाड्याने देणाऱ्याची चढली आहे. दुसरा एप्रन नावाच्या वरच्या वेतनरेषेपलीकडे, म्हणजे २०२५-२६ साठी २० कोटी ७८ लाखांपलीकडे गेलेल्या संघाला आता जादा वेतनावरचा कर नुसता भरून सुटता येत नाही. अदलाबदलीत दोन खेळाडूंची वेतने एकत्र करता येत नाहीत, मिड-लेव्हल सवलत जाते, भविष्यातली निवड गोठते. अशा संघांना घाईने बाहेर पडायचे असते. २०२५ च्या जुलैत खरी मोठी जागा एकट्या ब्रुकलिनकडे होती. त्यांनी कॅम जॉन्सन देऊन डेन्व्हरचा मायकल पोर्टर आपल्या वहीत घेतला, ३ कोटी ८० लाखांच्या वेतनासकट, आणि डेन्व्हरची २०३२ ची पहिल्या फेरीची निवड कोणत्याही संरक्षक अटीविना मिळवली. फक्त एक पथ्य आहे. कॅपच्या ९० टक्क्यांखाली राहून हंगाम सुरू केला तर जादा वेतनाचा कर भरणाऱ्या संघांकडून मिळणाऱ्या वाट्यावर पाणी सोडावे लागते, त्यामुळे पूर्वीसारखी जागा फेब्रुवारीपर्यंत झाकून ठेवणे महाग पडते. भाडेकरू ऑक्टोबरच्या आत शोधावा लागतो.

आता पुढचे. ज्या लावीनला शिकागोने २०१८ मध्ये आपल्या हाती लागू दिले नाही, तो २०२५ च्या फेब्रुवारीत फॉक्सच्या सौद्यातून सॅक्रामेंटोत आला, वर्षाला साडेचार कोटींहून मोठे वेतन घेऊन. २०२६-२७ साठी सुमारे ४ कोटी ९० लाखांचा विकल्प त्याच्याकडे आहे, आणि ती रक्कम बाजारात दुसरे कुणी देईल असे वाटत नाही, म्हणून तो विकल्प वापरील असे धरून चाला. म्हणजे २०२६ च्या उन्हाळ्यात जागा नाही. २०२७ मध्ये हा करार स्वतःहून संपतो. सबोनिसचा त्यानंतर एका वर्षाने. तोवर आपले जनरल मॅनेजर स्कॉट पेरी यांच्याकडे फोन येत राहतील, जूनमध्ये तर रोजच येतील. पलीकडचा माणूस अगदी आपुलकीने म्हणेल, लावीनचे शेवटचे वर्ष आम्ही उचलतो, तुमची वही एक वर्ष आधी मोकळी होईल, फक्त पहिल्या फेरीची एक निवड द्या, आणि जमले तर २०२९ च्या अदलाबदलीचा हक्क. २०३१ च्या अदलाबदलीचा हक्क डीमार डीरोझनच्या वेळी आपण सॅन अँटोनिओला दिलेलाच आहे. पेरी सल्ल्यासाठी आपल्याकडे आले, तर त्यांना २०१५ च्या जुलैची फाइल काढून द्या आणि त्या फोनवाल्याला सांगायला सांगा की लावीन पूर्ण वर्ष इथेच खेळणार आहे.

आपला,
एक मराठी वाचक